आईची हरकत

माझी आई फटकळ होती. तेराव्याला आलेल्या बायकाही हेच बोलत होत्या आणि बोलता बोलता डोळ्यांना पदर लावत होत्या. जावयानं कौतुकानं भाजी आणली तर ती पिशवीत डोकावून म्हणायची, "वांगे पाहून आनले का डोये मिटून?" ग्रामसेवक घरी आला तर त्याला बस म्हणायच्या आधी नालीचं काय झालं ते विचारायची. अशा बाईच्या तोंडून आयुष्यात जे थोडे गोड शब्द निघाले, त्यातले तीन सरकारी कागदावर गेले. बाकी ती जे जे बोलली ते कुणी लिहून घेतलं नाही. मला राग येतो तो याचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

मी अमरावतीला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. माहेर अकोटकडे. अमरावतीहून अंजनगावमार्गे अकोटला एक एसटी आणि तिथून दुसरी, असा तो रस्ता आहे. आमच्या गावाला आत जायला आणि बाहेर पडायला एकच वाट. ती नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून येते, मग रेल्वेचं फाटक लागतं, आणि त्यानंतर मोठा रस्ता. फाटकाला लागून बरीच पडीक जमीन होती. तिथे बकऱ्या चरत. दोन वर्षांपूर्वी त्या जमिनीवर खुंट्या रोवल्या गेल्या आणि गावाला कळलं की इथे गॅस येणार आहे.

आमच्या गावातल्या निम्म्या माणसांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही समुद्रावरून आलेली वस्तू आमच्या दारात उतरणार होती. परदेशातून जहाजानं बंदरावर यायचं, तिथून रेल्वेच्या लांबोळक्या डब्यांतून आमच्या फाटकापर्यंत, आणि फाटकापाशी अर्ध्या जमिनीत गाडलेल्या टाक्यांत साठून राहायचं. पुढे टँकरनं विदर्भभर. कंपनीच्या पत्रकात याला 'आयात गॅस साठवण केंद्र' असं भारदस्त नाव होतं. गावानं त्याला 'टाक्या' म्हटलं आणि तेच नाव राहिलं.

गॅस कुणाला नको आहे, असं नाही. आईच्या स्वयंपाकघरातही सिलिंडर होतं. पण आमच्याकडे दिवाळी झाली की घरं कापसानं भरतात. भाव येईपर्यंत वेचलेला कापूस घरातच राहतो, पार आढ्यापर्यंत, आणि माणसं उरलेल्या जागेत झोपतात. ते चार महिने घर वेगळ्याच शिस्तीनं चालतं. बिडी ओढणाऱ्याला ओसरीवरही बसू देत नाहीत. आमच्या घरी तर कापूस असेपर्यंत आतल्या देवाला नुसतं फूल मिळे; उदबत्ती अंगणात, तुळशीपाशी. लहानपणी आमच्या गल्लीच्या टोकाचं एक घर पेटलेलं मी पाहिलं आहे. कापूस भडकत नाही, तो आतून धुमसतो. विझला असं वाटतं, आणि थोड्या वेळानं दुसऱ्याच कोपऱ्यातून धूर येतो. त्या घरातली माणसं वाचली, पण आई त्यानंतर काड्यापेटी कमरेच्या पिशवीत ठेवू लागली, ती कायमची.

म्हणून जनसुनावणीची दवंडी झाली तेव्हा आईनं मला फोन केला. "सुट्ट्या हायेत नं तुले? ये मंग. आपल्याले बोलाचं हाय."

वैशाख होता. शाळेच्या मैदानावर मांडव घातला होता. व्यासपीठावर कूलर, पाण्याच्या बाटल्या, पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या. आमच्यासाठी सतरंजी आणि एक ड्रम. सकाळची वेळ दिली होती. ऊन डोक्यावर आलं, ड्रममधलं पाणी कोमट झालं, तरी व्यासपीठ रिकामंच. आई पहिल्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारी आबा. आबा म्हणजे आमचे शेजारी, वडिलांचे मित्र. वडील गेल्यापासून रोज सकाळी आमच्या ओट्यावर येऊन आईशी भांडण उकरून काढणं हा त्यांचा नेम होता.

"वयनी, सायेब येत नाई वाटते," आबा म्हणाले.

"कसा येईन? बलावनं नाई गेलं नं. तुमी जा अक्षता घेऊन."

"मी जातो, पन पत्रिकेत नाव कोनाचं टाकू?"

"टाका तुमचंच. तुमाले कामधंदा काय हाय?"

बायका हसल्या. उन्हात तेवढाच विरंगुळा होता.

शेवटी गाड्या आल्या. सुनावणीचे अधिकारी उतरले. वयानं माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी बोलायचा माईक हातात घेतला, आणि काय मनात आलं कोण जाणे, व्यासपीठावर न चढता आधी पहिल्या रांगेपाशी आले. सगळ्यांत म्हातारी म्हणून आईसमोर वाकले. म्हणाले, "आजी, फार उशीर झाला. तुम्हाला उन्हात बसावं लागलं. माफ करा."

आई सकाळपासून ज्या माणसाला शिव्या घालत होती, तो 'आजी' म्हणून समोर उभा होता. ती उठली. पदर सारखा केला. म्हणाली, "काई हरकत नाई, बापू. उनातून आला, पयले पानी पे."

आणि घरून आणलेला तांब्या तिनं पुढे केला. ते प्यायले. माईक चालू होता, त्यामुळे मांडवातल्या प्रत्येकानं ते ऐकलं. मला आठवतं, मला त्या वेळी आईचा अभिमान वाटला होता.

मग कंपनीचे गृहस्थ पडद्यावर चित्रं दाखवू लागले. हिरवळ, झाडं, पांढऱ्या टोप्या घातलेली हसरी माणसं. ते म्हणाले, या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळे गळती झाली तर ताबडतोब कळेल. आई पुन्हा उठली.

"वास आला. मंग?"

"मग सायरन वाजेल, आजी."

"वाजला. मंग?"

"मग ग्रामस्थांनी वाऱ्याची दिशा पाहायची आणि आडव्या बाजूनं सुरक्षित ठिकाणी जायचं."

"गावाले रस्ता एकच हाय. थो तुमच्या टाक्यापासूनच जाते. तुमची गाडी उभी रायली का फाटक बंद. पावसायात पूल पान्याखाली. मंग आमी पयाव कोनीकडं? का हवेले इचारून पयाव?"

मांडव हसला. कंपनीचे गृहस्थही हसले. "आजी, अशी वेळ येणारच नाही."

"येनार नाई तं सायरन काहून लावून राहिले?"

याला उत्तर आलं नाही. आई बसली नाही. तिनं कापसाचं सांगितलं. घराघरात आढ्यापर्यंत कापूस राहतो, आम्ही देवाला उदबत्ती लावत नाही, आणि तुम्ही गावाच्या उशाला गॅस आणून ठेवता. अकोटची आग विझवायची गाडी येईपर्यंत काय उरेल? गृहस्थ म्हणाले, "कापसाच्या साठवणुकीची माहिती दिल्याबद्दल धन्यवाद." आणि पुढचं चित्र लागलं.

आईनंतर बरेच जण बोलले. शाळेच्या बाईंनी फाटकाचा प्रश्न पुन्हा मांडला, कारण शाळा फाटकापासून सगळ्यांत जवळ आहे. माझा भाऊ बोलला. मी बोलले नाही. मी गर्दीत बोलू शकत नाही, आणि मला वाटलं, बोलायचं ते सगळं आईनं बोलून झालं आहे.

सुनावणीचं इतिवृत्त पोळ्याच्या सुमाराला आलं. ग्रामसेवकानं मारुतीच्या देवळात ते वाचून दाखवलं. मी तिथे नव्हते, पण नंतर भावानं मला त्याची प्रत पाठवली आणि मी ती इतक्या वेळा वाचली की पाठ झाली. सुरुवातीलाच आईचं पूर्ण नाव होतं. पुढे असं: 'या गावातील ज्येष्ठ महिलेने काही हरकत नाही असे सांगून व पाणी देऊन अधिकाऱ्यांचे स्वागत केले. त्यानंतर ग्रामस्थांनी सुरक्षेबाबत शंका विचारल्या, त्यांचे निरसन करण्यात आले. ग्रामस्थांनी कापूस साठवणुकीबाबत माहिती दिली. सुनावणी खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.'

माझं आयुष्य छापील मजकुरात गेलं आहे. चुकीचा मजकूर मी खूप पाहिला. पण असा मजकूर मी पाहिला नव्हता, ज्यात एका 'निरसना'खेरीज एकही शब्द खोटा नाही. आई 'काही हरकत नाही' म्हणाली होती. पाणी दिलं होतं. शंका विचारल्या होत्या. कापसाची माहिती दिली होती. लोक हसलेही होते. सगळं खरं. मराठी बोलणाऱ्या कुणालाही रस्त्यात धक्का लागला, कुणाचा पाय पायावर पडला, पाहुण्याला उशीर झाला, तर तोंडातून आपोआप हेच शब्द निघतात. पण सरकारी कागदावर 'हरकत' हा शब्द गेला की त्याचा अर्थ बदलतो, हे लिहिणाऱ्याला नक्की माहीत होतं. तोही मराठीच असणार. त्याच्या घरीही कुणी उशिरा येत असेल, आणि त्याची आईही हेच म्हणत असेल.

वाचन झालं तेव्हा देवळातल्या सगळ्या माना आईकडे वळल्या, असं वहिनीनं मला फोनवर सांगितलं. आबांनी पहिली संधी साधली. "काय वयनी! तुमी तं गाव पान्यावर इकलं!"

"तुमी शेजारीच बसले होते नं? का झोपले होते?" आईनं ऐकवलं.

इथवर ते रोजच्या भांडणासारखं होतं. पण गावाला एक शब्द सापडला की गाव तो सोडत नाही. आई दिसली की कुणीतरी पुटपुटे, "काई हरकत नाई." पिठाच्या गिरणीवर एका बाईनं विचारलं, "काकू, मी पयले दयून घेऊ का? हरकत नाई नं?" सगळी गिरणी हसली. आईनं आपला डबा उचलला आणि न दळताच घरी आली. त्या दिवशी वहिनीनं शेजारून पीठ आणलं.

त्यात वर्तमानपत्रातून कंपनीचं गुळगुळीत पत्रक घरोघर आलं. वर टाक्यांचं चित्र, खाली मोठ्या अक्षरांत 'ग्रामस्थांची हरकत नाही'. आईनं भावाकडून ते वाचून घेतलं. "ग्रामस्थ मंजे मीच का?" तिनं विचारलं. भावानं पत्रक घडी करून ठेवलं.

दिवाळीला मी गेले तेव्हा पाहिलं, आईनं ते शब्द टाकून दिले होते. शेजारीण म्हणाली, काकू, तुमची पाटी उद्या देते, तर आई म्हणाली, "बरं." पाहुणे उशिरा जेवायला आले, आई म्हणाली, "बसा." एवढ्या वयाच्या बाईला आपल्या जिभेवरचा शब्द मोजून मापून वापरावा लागतो, याची मला चीड आली. आबांची ओट्यावरची बैठक चालू होती, पण आई आतूनच ऐके आणि उत्तर देत नसे. फाटकापाशी तोवर भिंतीचा पाया भरून झाला होता.

पौषात तिला अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलं. हृदयाचं दुखणं जुनं होतं. त्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. बोलताना तिला धाप लागे, म्हणून ती निवडून बोले. एका दुपारी भाऊ औषधं आणायला गेला असताना तिनं मला जवळ बोलावलं.

"तू पुस्तकाईत रायते नं?"

"हो."

"मंग थे वाक्य नीट करून आन. मी पानी पाजलं. बाकी काई म्हनलं नाई."

मी म्हटलं, करते. ती म्हणाली, "नुसतं हो हो करू नको." हे तिचं माझ्याशी झालेलं जवळजवळ शेवटचं बोलणं.

आईचे दिवस झाल्यावर मी रजा वाढवली आणि अकोल्याला गेले. जुन्या शहरात मावशीकडे पिशवी ठेवली, मोर्णा नदीचा पूल ओलांडला आणि जिथे ते इतिवृत्त तयार झालं त्या कार्यालयात पोचले. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते. मला बसायला सांगितलं. माझं म्हणणं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या मयत आहेत?"

"हो."

"मग सोपं आहे. मृत्यूचा दाखला जोडा. नाव वगळता येईल."

"मला वगळायचं नाही. दुरुस्त करायचं आहे."

"दुरुस्तीसाठी ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी स्वतः अर्ज करावा लागतो."

"पण त्या मयत आहेत."

"म्हणूनच तर म्हणतोय, वगळता येईल."

"वगळलं तर त्यांनी विचारलेले प्रश्न? सायरनचा, कापसाचा?"

"नाव गेलं की म्हणणंही गेलं." मग त्यांनी माझ्या अर्जावरचा पत्ता पाहिला. "आणि ताई, तुम्ही अमरावतीच्या. तुम्ही या प्रकल्पानं बाधित होत नाही."

मी म्हटलं, "बरं." आणि जिना उतरले. मला या 'बरं'ची लाज वाटत नाही. मी दुसरं काही म्हटलं असतं तरी त्या टेबलामागे ते कुठे लिहिलं गेलं नसतं. पण बाधित म्हणजे काय, हे मला आजही कळत नाही. माझी आई तीन शब्दांनी बाधित झाली होती आणि मी तिची मुलगी आहे. गॅस कुणाच्या घरात शिरताना मतदार यादी पाहत नाही.

भावाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "वगयून टाक नं, ताई. आईचं नाव तं मोकयं होईन."

तो चुकीचं बोलत नव्हता. गिरणीवर आईचं जे हसू झालं, ते थांबवायचा हा सोपा मार्ग होता. एक दाखला जोडायचा आणि तिचं नाव त्या कागदावरून उतरायचं. मी दोन दिवस त्याचा विचार केला. पण मग कागदावर उरणार काय? 'सुरक्षेबाबत शंका विचारल्या, निरसन करण्यात आले.' आई गेलीच आहे. तिचा प्रश्नही मीच काढून टाकायचा? त्या मांडवात ज्या एका प्रश्नाला उत्तर देता आलं नव्हतं, तो विचारणारी बाई तिथे होती, एवढं तरी राहायला हवं होतं. मी भावाला नाही म्हटलं.

तेवढ्यात एक गोष्ट आमच्या बाजूनं घडली, तीही कंपनीच्याच हावेमुळे. त्यांनी ठरल्यापेक्षा जास्त टाक्या बसवायचं ठरवलं आणि त्यासाठी सुनावणी पुन्हा घ्यावी लागणार होती. या वेळी अकोटला, एका सभागृहात.

मी आबांकडे गेले. ते ओट्यावर एकटेच बसले होते. आमच्या नव्हे, स्वतःच्या.

"आबा, तुम्हाला अकोटला बोलायचं आहे."

"मी काय बोलू, पोरी? मी तं नुसता मजाक करत होतो."

"तुम्ही आईच्या शेजारी बसला होता. ती कशाला हरकत नाही म्हणाली, हे तुम्हाला माहीत होतं."

"माहीत तं साऱ्यायले होतं."

"सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी?" माझा आवाज चढला. माझा आवाज सहसा चढत नाही.

आबांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. "वयनीले चिडवाले मजा ये. दुसऱ्या कोनाले चिडवाव? थ्याच एक उत्तर देत." टोपीची घडी करत म्हणाले, "मंग थ्यायनं उत्तर देनंच बंद केलं. मले वाटे, आज देतीन, उद्या देतीन."

मला त्यांची दया आली नाही. सरकारचा कागद अकोल्यात तयार झाला, पण त्या कागदाला धार गावानं लावली होती, आणि आई त्या धारेवर रोज चालत होती. गिरणीवरच्या बाईचा मला अजूनही राग आहे. आबांचाही होता. पण साक्ष द्यायला मला तेच हवे होते, आणि जाताना मी तेवढंच म्हटलं, "एसटी सकाळी आहे. लवकर या."

सभागृह भरलं होतं. आमच्या गावाचे लोक, शेजारच्या दोन गावांचे लोक, कापूस बाजारातले काही ओळखीचे चेहरे. पंखे फिरत होते. अधिकारी या वेळी दुसरे होते, पण वेळ पाळण्याची रीत तीच. खूप वाट पाहिल्यावर ते आले, व्यासपीठावर चढले, खुर्चीवर बसले आणि माईक पुढे ओढून म्हणाले, "नमस्कार. थोडा उशीर झाला, त्याबद्दल क्षमस्व."

कुणीच काही बोललं नाही.

मला नंतर खूप जणांनी विचारलं, तुम्ही आधी ठरवलं होतं का? कुणीच ठरवलं नव्हतं. पण ते शब्द शेकडो तोंडांत आले आणि शेकडो तोंडांनी ते गिळले, हे मला स्पष्ट ऐकू आलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याचे ओठ हलले आणि मिटले. गिरणीवरची बाईही तिथे होती; तिनं मान खाली घातली. अधिकारी वाट पाहत होते. माणूस क्षमा मागतो तेव्हा समोरून काहीतरी यायला हवं असतं. त्यांनी माईकवर बोट आपटलं. "ऐकू येतंय ना मागे?"

"येते," मागून कुणीतरी म्हणालं. "सारं ऐकू येते. बोला."

पडद्यावर पुन्हा तीच हिरवळ आली. तीच हसरी माणसं. टाक्या मात्र वाढल्या होत्या. मग बोलायची पाळी आली तेव्हा आबा उठले. त्यांना माईक नको होता, पण दिला गेला.

"मागच्या टायमाले मी या गावच्या एका बाईच्या शेजारी बसलो होतो," ते म्हणाले. "थे बाई आता नाई. सायेब उशिरा आले. माफी मांगली. थ्यायनं म्हनलं, काई हरकत नाई, पानी पे. तुमच्या मानसानं थे टाक्याले जोडून देलं. मी काय म्हन्तो, हरकत पान्याले नव्हती. हरकत गॅसले होती. थे त्यायनं नंतर उभं राहून सांगतलं, अन् थे तुमी लिवलंच नाई."

अधिकारी किंचित हसले. "ठीक आहे, आजोबा. नोंद घेतो."

"काय नोंद घेता?"

"तुमचं म्हणणं."

"माझं म्हननं नाई. थ्यायचं."

या वेळी मी उठले. मी म्हटलं, "साहेब, मी अमरावतीला राहते. मी बाधित नाही. मला काही मांडायचं नाही. फक्त जे लिहिलं आहे ते उठायच्या आधी इथेच वाचून दाखवावं."

"तशी पद्धत नाही, ताई. इतिवृत्त नंतर कळवलं जातं."

"मागचं नंतरच कळवलं होतं," शाळेच्या बाई बसल्या जागेवरून म्हणाल्या.

सुनावणी संपल्याचं त्यांनी जाहीर केलं. कंपनीची माणसं कागद आवरू लागली. पण सभागृहातलं कुणी उठलं नाही. घोषणा झाल्या नाहीत, कुणी हात वर केला नाही. लोक फक्त बसून राहिले, जसे कापूस बाजारात आपली गाडी मोजली जाईपर्यंत बसून राहतात. अधिकाऱ्यांनी शेजारच्या माणसाशी कुजबुज केली, घड्याळ पाहिलं, दाराकडे पाहिलं. दार बंद नव्हतं. तरी त्यांना जाता येईना. शेवटी त्यांनी कारकुनाला जवळ बोलावलं आणि त्याच्या हातातले कागद घेतले.

या प्रकल्पाचा निकाल अजून लागलेला नाही. भिंत वाढते आहे. टाक्या येतील की नाही, मला माहीत नाही. सायरनच्या प्रश्नाला कंपनीनं लेखी उत्तर देऊ म्हटलं, ते आलेलं नाही. जे झालं त्याला विजय म्हणावं असं मला वाटत नाही. रस्त्यातल्या कोणत्याही माणसाला कळेल असं एक वाक्य नीट लिहून घ्यायला एवढं सभागृह भरावं लागतं, याची मला आजही शरम वाटते, आणि ती माझी नसून त्यांची असायला हवी.

पण त्या दुपारी अधिकारी वाचत गेले आणि लोक आपापलं वाक्य ऐकत गेले. 'निरसन झाले' आलं की कुणीतरी म्हणे, "नाई झालं," आणि कारकून खोडे. 'सूचना केली' आलं की कुणी म्हणे, "सूचना नाई, हरकत," आणि कारकून पुन्हा खोडे. त्याचं पेन एकदा संपलं. शाळेच्या बाईंनी आपलं दिलं. मग आबांचं आलं.

अधिकाऱ्यांनी स्वच्छ, सपाट आवाजात वाचलं: 'मागील सुनावणीत उपस्थित असलेल्या एका मयत महिलेने उशिराबद्दल हरकत नाही असे म्हणून पाणी दिले. प्रकल्पास तिची हरकत होती. संकटसमयी गावाने कोणत्या मार्गाने बाहेर पडावे व कापसाने भरलेल्या घरांचे काय, असे प्रश्न तिने विचारले होते, त्यांचे उत्तर मिळाले नाही.'

भावानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. बरोबर होतं.

"थांबा," आबा म्हणाले.

"आता काय राहिलं, आजोबा?"

"'तिनं' काहून लिवलं? वयानं तुमच्या मायपेक्षा मोठ्या होत्या थ्या. 'त्यांनी' लिवा."

कारकुनानं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. मग 'तिची' खोडून 'त्यांची' केलं, 'तिने' खोडून 'त्यांनी' केलं, कागद परत दिला, आणि अधिकारी पुढची ओळ वाचू लागले.